तिसऱ्या शिमग्यापर्यंत

नकार आला तेव्हा दिपिका डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका नाल्याच्या काठावर उकिडवी बसली होती. हातात लिटरभराची बाटली, बाटलीत चहाच्या रंगाचं पाणी. खिशात फोन थरथरला. तिने आधी बाटलीचं झाकण घट्ट केलं, लेबलवर वेळ लिहिली, जागा लिहिली, पाण्याचं तापमान लिहिलं आणि मगच फोन काढला. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काढली की ही सवय लागते. आधी नोंद, मग बाकीचं.

पत्र कॅनडाच्या व्हिसाचं होतं. पावणेदोन पानं, त्यातल्या कामाच्या ओळी दोनच. शिक्षण संपल्यावर तुम्ही आमचा देश सोडून जाल अशी आमची खात्री पटलेली नाही. तुमच्या देशात तुमची मालमत्ता आणि तुमचे बंध पुरेसे दिसत नाहीत.

पुरेसे म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं.

हॅलिफॅक्सच्या विद्यापीठाने तिला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला घेतलं होतं. विषय खाड्यांचा: खाडीच्या पाण्यात काय मिसळतं, त्यात काय तगतं, काय मरतं. फी तेच भरणार होते. त्यांनी कळवलं की सप्टेंबरपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो, त्यापुढे नाही. म्हणजे अर्ज आणखी एकदाच करता येणार होता.

तिने दुसरी बाटली भरायला घेतली.

*

घरी. कोळीवाड्यात, कोलशेतच्या अंगाला, खाडीपासून दोन गल्ल्या आत.

"म्हंजे आपण इथले नाय, असं बोलतात ते?" गोमाजीने विचारलं. तो जाळं शिवत होता. जाळं शिवत असताना बोललेलं वडिलांच्या कानात नीट शिरतं, हे दिपिकाला लहानपणापासून ठाऊक होतं. जेवताना बोललेलं शिरत नाही.

"इथले नाही असं नाही, बाबा. इथे काही अडकलेलं नाही माझं, असं."

"त्यांना लिवलंस का, हे टॉवर आले तवा आपण आधीच हितं व्हतो?"

"त्याचा कागद लागतो."

"कागद टॉवरवाल्यांकडं हाय," शकू आतून म्हणाली. दिपिकाची आई कोलंबी सोलत होती आणि तिचं बोलणं कोलंबीच्या सालांसारखं तुटक, एकेक बाजूला पडत होतं. "त्यांच्याकडनं माग थोडा."

*

मसुदा पहिला. (रचना मॅडमचा. घोडबंदर रोडवर एका व्यापारी इमारतीच्या अकराव्या मजल्यावर त्यांचं परदेशी शिक्षणाचं कार्यालय आहे. हाच मसुदा त्या सगळ्यांना देतात, फक्त नाव बदलतात.)

*मी माझ्या कुटुंबाशी, संस्कृतीशी आणि मातृभूमीशी घट्ट जोडलेली असून शिक्षण पूर्ण होताच मायदेशी परत येऊन देशाच्या प्रगतीत*

दिपिकाने पुढचं वाचलं नाही. पहिल्या अर्जाला हेच जोडलं होतं.

"या वेळी ठोस काहीतरी लागेल," मॅडम म्हणाल्या. खिडकीतून खाडी दिसत होती, वरून पाहिल्यामुळे अगदी स्वच्छ. "घर कोणाच्या नावावर?"

"आजोबांच्या. म्हणजे नावावर असं नाही. कोळीवाड्याचं प्रॉपर्टी कार्ड निघालेलंच नाही. मोजणी चालू आहे."

"कधीपासून?"

"मी पाचवीत होते तेव्हापासून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शेतजमीन?"

"नाही."

"दुकान? गाळा?"

"बोट आहे."

"बोट हलते गं. न हलणारं काहीतरी सांग."

दिपिकाने विचार केला. न हलणारं, आपलं. मग म्हणाली, "खुंट आहे आमचा."

आणि मग तिला ते समजावून सांगावं लागलं. खाडीच्या तळात दोन उंच ओंडके ठोकतात, त्यांच्यामध्ये जाळ्याचं तोंड बांधतात. भरती-ओहोटीचं पाणी जाळ्यातून जातं, मासळी आत राहते. ओंडके कुठे ठोकायचे ती जागा ज्याची त्याची ठरलेली. तिच्या घराची जागा वळणावर होती, जिथे पाणी जरा जोरात फिरतं. गावातली चांगली समजली जाणारी. त्याचा कागद नाही. दर वर्षी शिमगा झाला की जमात गावदेवीच्या ओट्यावर बसते. एकेकाने उभं राहायचं आणि आपली जागा तोंडाने बोलायची. कोणी हरकत घेतली नाही तर वर्षभर ती त्याची. जो उभा राहिला नाही त्याची जागा मोकळी, दुसरा कोणीही बोलू शकतो.

"इंटरेस्टिंग," मॅडम म्हणाल्या. "मग या जमातीचं लेटर आण ना! अमुक जागा दिपिका गोमाजी कोळी यांच्या मालकीची. तुझ्या नावाने हवं हां, वडिलांच्या नको."

"जमात लिहून नाही देत कधी."

"लेटरहेड मी डिझाईन करून देते. कोण बघायला येतंय खाडीत?"

*

दिपिकाने हे घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं. गोमाजी हसला नाही. सुईत दोरा ओवून झाल्यावर म्हणाला,

"लिवायचं तर आधी बोलावं लागंल."

"काय?"

"जागा बोलल्याबिगर कागद केला तर तो खोटा. शिमगा पंधरा दिवसांवर हाय. यंदा तू बोल."

तिला वाटलं, विषय संपला. वडिलांच्या नावाऐवजी तिचं नाव, एवढंच. जाळं कोण लावतं, बोट कोण वल्हवतं हे थोडंच बदलणार आहे? सातवी पास माणसाला कागदाची भीती असते, त्याचं समाधान होऊ दे.

असं तिला वाटलं. खाडीत रोज जाणाऱ्याला जे पाठ असतं ते तिला नुसतं ऐकून माहीत होतं, आणि ऐकून माहीत असलेल्या गोष्टीत नेमकी एक ओळ गळते.

*

मसुदा दुसरा. (दिपिकाचा. ठाण्याहून घरी येणाऱ्या बसमध्ये, फोनवर.)

*मी परत येईन, कारण*

*कारण आईबाबा.* खोडलं. हे सगळेच लिहितात.

*कारण नोकरी.* खोडलं. प्रयोगशाळेत तिच्या जागी सोमवारी दुसरी मुलगी येईल, आणि मंगळवारपर्यंत तिलाही नाल्याचा वास येईनासा होईल.

*कारण आमची खाडी.* इथे ती जरा थांबली. तिच्या स्वतःच्या अहवालांत खाडीच्या पाण्यात प्राणवायू किती उरला होता ते आकड्यांत लिहिलेलं होतं. तो आकडा पाहून कोणी परत येत नसतं.

*कारण*

तिने अक्षदाला व्हिडिओ कॉल लावला. अक्षदा तिची कॉलेजातली मैत्रीण, दिवा गावची. दिवसाआड पाणी येणाऱ्या चाळीत वाढलेली. चार वर्षांपूर्वी टोरंटोला गेलेली, तिकडेच राहिलेली. मागे नळ वाहत होता आणि ती भांडी घासत होती.

"तू काय लिहिलेलंस गं? परत येण्याचं?"

"लिहिलेलं ना. येणार म्हणून."

"खोटं?"

अक्षदाने नळ बंद केला. "खोटं नाही गं. तेव्हा वाटलेलं तसंच. म्हणजे लिहिताना मी रडलेली पण, एवढं खरं वाटलेलं." तिने हातातलं भांडं पालथं ठेवलं. "नंतर एकदम काही ठरवलं नाही. एक वर्ष, मग अजून एक. कळलंच नाही कधी ते."

दिपिकाच्या लक्षात आलं की घरात हा प्रश्न कोणीच विचारलेला नाही. परक्या देशातल्या, नाव नसलेल्या अधिकाऱ्याने विचारला. बापाने नाही. आईने आपल्या परीने विचारला होता: मसाला किती करू? वर्षाचा की दोन वर्षांचा? आणि दिपिकाने उत्तर दिलं होतं, तिकडे मिळतो सगळा.

*

जमातीच्या सभेची नोंद.

लिहिणार: देवराम मास्तर, सेक्रेटरी, पालिकेच्या शाळेतून निवृत्त. जमातीच्या सभेची ही पहिलीच लेखी नोंद. वही दिपिकाने आणून दिलेली, दोनशे पानी, कारण वाण्याकडे छोटी नव्हती.

ठिकाण: गावदेवीचा ओटा. रंगपंचमीचा दुसरा दिवस, संध्याकाळी पाच. हजर माणसं मोजली नाहीत. मोजून लिहावी का यावर दहा मिनिटं गेली.

१) पाटलांनी नारळ फोडला.

२) नेहमीप्रमाणे एकेकाने उभं राहून जागा बोलली. एकूण तेरा. हरकत नाही.

३) गोमाजी उभे राहिले. म्हणाले, यंदा मी बोलत नाय.

४) शांतता. (हे लिहू का? लिही.)

५) त्यांची मुलगी दिपिका उभी राहिली. बोलली की वळणावरची, नाल्याच्या तोंडापासून उजवीकडची जागा आमच्या घराची, ती यंदा मी बोलते.

६) पाटलांनी विचारलं, हरकत? यज्ञेश उठला.

इथून पुढे मास्तरांच्या नोंदीत खाडाखोड फार आहे, तेव्हा जे झालं ते सरळच सांगितलेलं बरं.

यज्ञेश म्हणजे शेजारच्या जागेचा. पस्तिशीचा, इंजिनाची बोट असलेला, दिपिकाला शाळेत सोडायला एके काळी स्वतःच्या सायकलवरून नेणारा. वळणावरच्या जागेवर त्याच्या बापाचाही डोळा होता, त्याचाही आहे, आणि हे त्याने कधी लपवलेलं नाही.

"दिपे, खुंट तू मारणार?"

"बाबा मारतील."

"काका कसे मारतील? बोलली तू." तो ओट्यावर बसलेल्यांकडे वळला. "जो बोलंल त्यानेच मारायचा. नियम काय माझा हाय? कॅनडावरून येऊन मारशील, की तिकडूनच मारशील, लांब दांडा घेऊन?"

हशा पिकला. बायकांच्या बाजूलाही. दिपिकाने वडिलांकडे पाहिलं. गोमाजी पायाच्या अंगठ्याने फरशीवरचा वाळलेला गुलाल खरवडत होता. त्याला माहीत होतं. गेले पंधरा दिवस, दोरा ओवताना, जेवताना, झोपताना माहीत होतं. त्याने आपली जागा कागदापुरती तिच्या नावाने फिरवली नव्हती. त्याने ती सोडली होती.

"बाईने कसं काय बोलायचं, त्याचं आधी ठरवा," मागून कोणीतरी म्हणालं.

"कोन रं तो?" म्हातारी जनाबाई खांबाला टेकून बसली होती ती तिथूनच कडाडली. "माझा दादला गेला तवा मीच बोललेली, मीच मारलेला. तुझा बाप जाळं धरायला व्हता माज्यासंगं. इचार त्याला."

तो प्रश्न तिथेच मिटला. यज्ञेशचा उरला.

"काकी, बाई असण्याचं माझं काय नाय," तो म्हणाला. आवाजातली मस्करी आता गेली होती. "ही दोन वरसं नसणार. दोन शिमगे उभी राहणार नाय. मग जागा मोकळी. कागदासाठी बोलायचं आणि जागा अडवून ठेवायची, हे उद्या सगळेच करतील. माझा मुलगा पण जाईल कुठं दुबईला." मग सरळ तिच्याकडे बघून: "तू परत येणार का? हितं सांग, देवीसमोर. त्या लोकांना काय लिवायचं ते लिव."

दिपिकाने तोंड उघडलं. मॅडमचा सगळा मसुदा तिला पाठ होता.

ओट्यावर कोणीतरी खोकलं. मुलांना गप्प केलं गेलं. खाली रस्त्यावर टॉवरच्या शाळेची पिवळी बस मागे मागे घेत होती आणि तिचा तो बीप बीप आवाज बराच वेळ चालला.

येईन म्हटलं असतं तर झालं असतं. इथे कोणी पुरावा मागत नाही; इथे बोललेलं हाच पुरावा असतो. त्यामुळेच शब्द बाहेर येईना. तिला अक्षदा आठवली, रडत रडत खरं लिहिणारी.

"दोन वर्षं नाही येणार," ती म्हणाली. "पुढचं मला माहीत नाही."

मास्तरांनी पेन उचललं. "हे... असंच लिहू?"

"लिवा," गोमाजी म्हणाला.

यज्ञेश अजून उभाच होता. त्याला सोपा विजय हवा होता आणि तो समोर पडलेला होता. पण पडलेली मासळी उचलायची त्याला सवय नसावी. "मग माझं पण लिवा, मास्तर," तो म्हणाला. "दोन शिमगे मी या जागेसाठी उठणार नाय. कोणीच उठायचं नाय. तोवर तिथं कोणाचाच खुंट नाय, काकांचा पण नाय. तिसऱ्या शिमग्याला ही या ओट्यावर स्वतः उभी नसली, तर मी बोलणार. लिवलंत? द्या, सही करतो."

"गोमाजी?" पाटलांनी विचारलं.

"मान्य."

"अवो!" बायकांच्या बाजूने शकूचा आवाज आला. एवढंच. मास्तरांनी तोही लिहिला, सातव्या कलमात, आणि मग खोडला.

*

घरी जाताना ती वडिलांच्या पुढे चालत होती, मुद्दाम.

"तुम्हाला माहीत होतं."

"हां."

"मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू बोलली नसतीस."

"नसतेच बोलले! दोन वर्षं काय करणार तुम्ही? साठ वर्षांचे झालात."

"येशाच्या बोटीवर जाईन. त्याला माणूस पाहिजेच हाय."

"त्याच्या बोटीवर! ज्याने आत्ता तुमची जागा..."

"त्याने खरं तेच सांगितलं," गोमाजी म्हणाला. "मी त्याच्या जागी असतो तर दोन शिमगे पण नसते सोडले."

दिपिका थांबली. गल्लीत सुकटीचा वास होता, कोणाकडे तरी टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. "मी नाही जात," ती म्हणाली. "अर्जच करत नाही. संपलं."

गोमाजीने तिच्याकडे पाहिलं आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला. "बरं. मग नारळी पुनवेला तूच मार खुंट. बोललीस ना? आता मी हात लावायचा नाय. बावीस फुटाचा ओंडका हाय, आतापासून दूध पी."

मागून येणारी शकू हसली नाही. तिने नवऱ्याला पुढे जाऊ दिलं, मुलीचा दंड धरला आणि म्हणाली, "बाबांनी विचारलंय का तुला, परत येशील का म्हणून?"

"नाही."

"नाय विचारणार ते. मी पण नाय विचारत. पण त्या येशाने विचारलं ते बरं झालं."

*

मसुदा तिसरा.

मॅडमनी मास्तरांच्या नोंदीचं इंग्रजी भाषांतर वाचलं. नोटरीचा शिक्का होता, खाली एकोणीस सह्या, चार अंगठे. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"'पुढचं मला माहीत नाही'? दिपिका, व्हिसाच्या फाईलमध्ये 'माहीत नाही'? हे काढून टाक."

"नाही काढता येणार. मी बोललेय ते."

"अगं, भाषांतर आहे. भाषांतरात एखादी ओळ..."

"सगळ्यांनी सह्या केल्यात, मॅडम. त्या ओळीसकट."

मॅडमनी सुस्कारा सोडला आणि पान उलटलं. मग परत मागचं पान काढलं. "हा यज्ञेश कोण?"

"शेजारचा खुंट त्याचा."

"आणि त्याला खरंच हवी आहे ती जागा?"

"त्याच्या वडिलांनाही हवी होती."

मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या. ओहोटी होती, वरून काठचा चिखल चकाकत होता, त्यात काड्यांसारखे ओंडके उभे दिसत होते. त्यांनी ते रोज पाहिले असणार आणि काही तरी जुनं बांधकाम समजून सोडून दिले असणार. "दोनशेवर फाईली केल्या मी," त्या म्हणाल्या. "फ्लॅट, प्लॉट, एफडी, सोनं. आपल्याकडे काय आहे ते सगळेच दाखवतात. ते घ्यायला टपलेला माणूस मात्र आजवर एकाही फाईलमध्ये नव्हता."

तो मसुदा दिपिकाने स्वतः लिहिला. सहा ओळी झाल्या.

*मी परत येईनच असं लिहून देणं सोपं आहे. मागच्या अर्जात मी ते लिहिलं होतं. आमच्या गावाच्या सभेत मला तसं बोलता आलं नाही, त्याची नोंद सोबत आहे. ठरल्या दिवशी मी आले नाही तर माझ्या घराची खाडीतली जागा दुसऱ्याची होईल. ज्याची होईल त्याची सही दुसऱ्या पानावर आहे. ती जागा जाऊ द्यायची माझी इच्छा नाही.*

"हे अर्ज म्हणून पाठवायचं?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"रिजेक्ट झालं तर मला बोल लावू नकोस."

*

मंजुरी जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. का आली ते कोणालाच कळलं नाही. नकाराच्या पत्रात कारणं लिहितात, मंजुरीच्या पत्रात लिहीत नाहीत. मास्तर म्हणाले, आमच्या नोंदीमुळे. मॅडम म्हणाल्या, फाईल नीट लावल्यामुळे. शकूने गावदेवीला खण-नारळ नेला आणि परत येऊन न विचारता दोन वर्षांचा मसाला कुटायला घेतला.

गोमाजीने पासपोर्टमध्ये चिकटवलेला तो कागद उलटा-सुलटा पाहिला. "हाच?"

"हाच."

"बरा हाय," तो म्हणाला. "उद्या ओहोटीला चल. पावसाआधी खुंट काढायला पाहिजेत."

*

उधाणाच्या दिवसांतली ओहोटी, सकाळी साडेनऊ. पाणी वर्षातल्या सगळ्यात खालच्या रेषेला गेलेलं. यज्ञेशने न बोलावता इंजिनाची बोट आणली होती आणि जाड दोर. त्याने आणि गोमाजीने ओंडक्याला दोराचे वेढे दिले, बोट पुढे-मागे करून ओंडका हलवला. अर्धा तास तो जागचा सुटेना. मग चिखलाने एकदम मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज झाला आणि बावीस फुटांचं लाकूड, खालचा अर्धा भाग शेवाळाने आणि कालवांनी खरबरीत झालेला, पाण्यावर आडवं तरंगू लागलं. दुसऱ्याला तेवढा वेळ लागला नाही.

दिपिका वाकून बघत होती. भोक पडलेलं दिसेल असं तिला वाटलं होतं. गढूळ पाणी जरा फिरलं आणि सपाट झालं. तिथे काही होतं असं सांगायला काहीच उरलं नाही.

"आता हे सापडणार कसं?" तिने विचारलं.

गोमाजी तिच्या शेजारी येऊन बसला. ते पाहून यज्ञेश उठला, बोटीच्या पुढच्या टोकाला गेला आणि पाठ करून बसला. बाप आपल्या पोराला जागेच्या खुणा सांगत असेल तर बाकीच्यांनी तोंड फिरवायचं असतं. यज्ञेशला त्या खुणा पाठ होत्या, तरी त्याने फिरवलं.

"वर बघ. काय दिसतं?"

"ती निळ्या काचांची बिल्डिंग. तिच्या डाव्या कोपऱ्याच्या बरोब्बर खाली..."

"ती नको. तिच्यापुढं दुसरी उठंल तू येस्तोवर. मागं बघ. डोंगर."

तिने पाहिलं. टॉवरच्या दोन रांगांमधल्या फटीत येऊरच्या डोंगराचा निळसर तुकडा होता आणि त्यात एक खाच.

"ती खाच. तिच्या खाली तो वडाचा शेंडा आला पाहिजे, तिवरांच्या झाडीमागचा. आला का? ही एक रेघ झाली. आता इकडं वळ. पारसिकाच्या डोंगराचं टोक. त्याच्या खाली?"

"काही नाही. पाणी."

"नीट बघ."

"खडक आहे. काळा."

"तो भरतीत बुडतो. म्हणून ओहोटीलाच जागा धरायची. टोक आणि खडक, ही दुसरी रेघ. दोन रेघा जिथं मिळतात तिथं आपण आत्ता बसलोय."

तिने खिशातून फोन काढला. नकाशावर जागेची खूण करून ठेवावी, आकडे लिहून घ्यावेत, आधी नोंद. मग तिने तो परत ठेवला.

"येशा, इंजिन बंद ठेव," गोमाजी म्हणाला. मग त्याने नांगर वर घेतला, दिपिकाच्या हातात वल्हं दिलं आणि स्वतः डोक्याला बांधलेलं फडकं सोडून तोंडावर ओढून घेतलं. बोट पाण्याबरोबर सरकू लागली. भरती सुरू होत होती. काठ हलले, खाच एका टॉवरमागे गेली, वडाचा शेंडा कुठेतरी तिवरांत मिसळला. फडक्याखाली गोमाजी झोपल्यासारखा बसला होता. बरंच लांब गेल्यावर तो म्हणाला, "आण आता."

दिपिकाने वल्हं पाण्यात घातलं. बोट आधी उलटीच फिरली. यज्ञेशची पाठ हसण्याने हलली, पण त्याने वळून पाहिलं नाही. तिने बोट सरळ केली, खाच शोधली, शेंडा शोधला. खडकावर पाणी चढत होतं. वर हातभर काळं उरलं होतं. हात भरून आले. टोक, खडक. खाच, शेंडा. तिने वल्हं थांबवलं.

"इथे."

गोमाजीने फडकं बाजूला केलं, एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा पलीकडे.

"दहा हात चुकलीस," तो म्हणाला. "परत जा. खडक बुडायच्या आत अजून एकदा होईल."

तिने बोट वळवली.